पिठातली फरफट

सोपानतात्यांनी आपल्या बायकोला उभ्या संसारात कधी नावानं हाक मारली नाही. त्यांनी 'आगं' म्हटलं की द्वारकाबाई वळायच्या आणि द्वारकाबाईंनी 'आवं' म्हटलं की तात्या वळायचे. सणसरच्या रानातल्या त्या घरात सगळा संसार या दोन शब्दांवर भागला. वांग्याच्या वाफ्यात तेच, बारामतीच्या मंडईत तेच आणि लेकाच्या लग्नाच्या मांडवातही तेच. मांडवात बेंजो वाजत होता, तरी बाईंनी 'आवं' म्हटलं आणि पार दुसऱ्या टोकाला पत्रावळी मोजणारे तात्या मागं वळले होते.

म्हणून द्वारकाबाईंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उसाच्या सरीतून एक म्हातारं, करडं मांजर बाहेर आलं, ओट्यासमोर थांबलं आणि तोंड वर करून ओरडलं, तेव्हा ते 'म्याऊ' ओरडलं असं फक्त बाकीच्यांना वाटलं. तात्यांच्या हातातली कपबशी कलंडली आणि चहा धोतरावर सांडला. मांजर 'आवं' म्हणालं होतं.

आता कुणी म्हणेल, म्हातारा माणूस, ताजं दुःख, कानाला काय वाटेल ते ऐकू येतं. म्हणू दे बापडा. पण त्याच्याआधी पिठाचं घडलं होतं, ते ऐकल्याशिवाय तात्यांना वेड्यात काढणं बरं नाही.

माणूस गेलं की ज्या जागी जीव गेला तिथं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर दुरडी पालथी घालून खोलीचं दार ओढून घेतात. सकाळी दुरडी उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते बघायचं. कधी गाईचं खूर, कधी पाखराचा पाय. गेलेला जीव पुढं कुठल्या जन्माला लागला ते त्यावरून कळतं म्हणे. शिकलेली पोरं या प्रकाराला हसतात, आणि दुरडी उचलायच्या वेळी सगळ्यात पुढं मान काढून तीच उभी असतात. द्वारकाबाईंसाठी वांगी भरायची जुनी दुरडी पालथी घातली होती. सकाळी तात्यांनी ती उचलली, तर पिठाच्या मधोमध मांजराचं पाऊल. एक तळवा आणि वर चार बोटं.

भावकीतल्या आबासाहेबांनी वाकून बघितलं आणि निकाल दिला. "मांजराचा जल्म घेतला वहिनीनं. झ्याक झालं. घरातच ऱ्हाईल."

बायकांनी डोळे पुसले आणि त्या दिवशी तात्यांच्या घशाखाली भाकरी उतरली. पण त्या पिठात आणखी एक गोष्ट होती, ती एकट्या तात्यांनी बघितली. पावलाच्या मागं एक बारीक रेघ होती, पाय ओढत नेल्यासारखी. द्वारकाबाई शेवटची सगळी वर्षं उजवा पाय फरफटत चालायच्या. तात्यांनी कुणाला काही न बोलता ते पीठ ओंजळीत भरलं आणि कालव्यात सोडून आले.

आणि आता हे मांजर ओट्यासमोर उभं होतं. मागचा उजवा पाय ओढत आलं होतं. तात्या घरात गेले, वाटीत दूध घेऊन आले आणि बायको जिवंत असताना तिच्यापुढं कधी वाकले नव्हते इतके वाकून म्हणाले, "आगं, ये."

त्यांची सून स्वरूपा दारात उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. तात्यांना वाटलं, पोरीला सासूची आठवण आली असेल.

मांजर राहिलं ते द्वारकाबाईंच्या खाटेवर. पायरी चढताना बाईंसारखाच आधी डावा पाय टाकायचं, मग थांबायचं, मग श्वास सोडायचं. सकाळचं ऊन पाण्याच्या टाकीजवळ येतं तिथं बाई गुडघ्याला तेल चोळत बसायच्या. मांजर नेमकं तिथंच जाऊन बसे. साखर कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की बाई चहाला उठायच्या. भोंगा झाला की मांजरही उठून चुलीकडं जाई आणि तिथं काही नसताना नुसतं बघत बसे. तात्यांचा लेक अविराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. तो बापाची चेष्टा करायचा. "तात्या, मांजरं समदी अशीच असत्यात. ऊन आन् चूल. त्यांना दुसरं काय पायजे?"

स्वरूपा मात्र हसायची नाही. ती मांजराला हात लावत नसे. वाटी लांबून सरकवायची आणि ते खायला लागलं की पाठ फिरवायची. एकदा मांजर तिच्या पायाला घासून गेलं तर हातातली परात टाकून बाहेर पळाली. सुनेला सासूचा एवढा धाक जिवंतपणी नव्हता, असं तात्यांच्या मनात येऊन गेलं आणि थोडं हसूही आलं.

थंडी पडली तसं मांजराचं अंग आखडलं. खाटेवर उडी मारायला जाई आणि मधूनच खाली पडे. पडलं की मागच्या पायाकडं वळून बघे आणि तो पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं चाटायचं सोडून देई. तात्या त्याला उचलून खाटेवर ठेवायचे. मग एक दिवस त्यांना फडताळातली बरणी आठवली.

त्या बरणीत वाताची पूड होती. इंदापूरच्या बाजारात एक फिरता माणूस चादर अंथरून झाडपाला, मुळ्या, साली मांडून बसायचा, त्याच्याकडून तात्यांनी द्वारकाबाईंसाठी आणली होती. काय गुण होता तिला! भिंत धरून चालणारी बाई आठवड्यात कालव्यावरच्या देवळात एकटी जाऊन आली होती. तात्यांनी तेव्हा गावभर त्या पुडीचे गोडवे गायले. मग कितीक वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ चमच्यात पूड घ्यायची, मध घालायचा आणि आपल्या हातानं बायकोला भरवायची, हा तात्यांचा नेमच झाला. बाई नाक मुरडायच्या, मान डावीकडं वळवायच्या आणि म्हणायच्या, "आधी तुमी चाटा, मग मी."

"माझं गुडघं धडधाकट हायती," असं म्हणून तात्या चमचा पुढं करायचे. बाई हसत घ्यायच्या. बाहेरच्या माणसाला यात काही दिसायचं नाही, पण त्या दोघांची थट्टामस्करी म्हणायची ती एवढीच.

पुढं बाईंचं तोंड सुजायला लागलं. डोळे बारीक झाले, पाय भरले. आरशात बघून एकदा म्हणाल्या होत्या, "माझं त्वांड मला माझं वाटंना झालंय." बारामतीच्या दवाखान्यात सांगितलं, किडन्या गेल्या. वर्षभर ती सूज उशाशी घेऊन तात्या झोपले आणि मग बाई गेल्या. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. तात्याही तसंच म्हणाले.

पूड अर्धी शिल्लक होती. दुखणं तेच, मग औषधही तेच. तात्यांना यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

त्यांनी चिमूटभर पूड दुधात कालवून दिली. आणि गुण आला! दोन-चार दिवसांतच मांजर एका उडीत खाटेवर. तात्यांना हर्ष झाला. त्यांनी स्वरूपाला हाक मारून दाखवलं.

"मामा, मांजराला आत्यांचं औषध दिलंत व्हय?" स्वरूपा दारातूनच म्हणाली. "मांजराचं अंग येगळं असतंय. कुठल्या तरी डाक्टरला इचारा आधी."

"औषध कुठं हाय ते? झाडपाला हाय. झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय?" तात्या म्हणाले, आणि मग हळूच, "आन् ही मांजर हाय व्हय?"

स्वरूपा काही सांगायला पुढं झाली आणि तशीच परत आत गेली. त्या दिवसापासून तात्या तिच्या नजरेआड पूड द्यायला लागले. उगाच घरात वाद नको.

थंडी वाढली तशी चिमूट वाढली. मग मांजर दूध पिईना. वाटी पुढं केली की वास घ्यायचं आणि मान वळवायचं, डावीकडं. तात्या पहिल्यांदा खुशीत हसले. "तीच खोड! मेली तरी खोड जाईना!" त्यांनी पूड मधात कालवली, मांजराला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं जबडा उघडला आणि चमचा आत सरकवला. मांजरानं नख्या मारल्या नाहीत. ते फक्त तात्यांकडं बघत राहिलं, आणि ते बघणं तात्यांना दिवसभर पाठीवर जाणवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर खाटेवर नव्हतं. तात्यांनी हाका मारल्या. शेवटी ते पाण्याच्या टाकीमागं सापडलं, ओल्या गारठ्यात, भिंतीकडं तोंड करून. तात्यांनी त्याला आपल्याकडं वळवलं.

तोंड सुजलं होतं. गाल भरून आले होते आणि डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. पंजे फुगले होते, तोंडातून लाळ गळत होती, हिरड्या चहासारख्या तपकिरी झाल्या होत्या. हे तोंड तात्यांच्या ओळखीचं होतं. वर्षभर त्यांनी ते शेजारच्या उशीवर बघितलं होतं. अंगावर केसांऐवजी कातडी असती तर फरक राहिला नसता.

मांजरानं त्या चिरांमधून त्यांना शोधलं आणि अगदी तळातून, खरखरत, ते म्हणालं, "आवं."

"स्वरूपाऽ!" तात्या ओरडले. "तिचं त्वांड सुजलंय! परत तसंच सुजलंय!"

स्वरूपा कणकेच्या हातानं धावत आली. कुणाचं तोंड, हे तिनं विचारलं नाही. तिनं मांजराला पहिल्यांदाच हात लावला, उचललं आणि म्हणाली, "मामा, चला. माज्या माहेराजवळ, जळोचीला, कुत्र्या-मांजराची डाक्टरीण हाय." अविराज पहिल्या पाळीला गेला होता. मांजर कशात न्यायचं? हाताला आली ती वांग्याची जुनी दुरडी. तिच्यात द्वारकाबाईंचं लुगडं घडी करून घातलं, वरून फडकं बांधलं. स्वरूपानं स्कूटी काढली. तात्या मागं दुरडी मांडीवर घेऊन बसले आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ही तीच दुरडी आहे. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. फडताळातली बरणी पिशवीत टाकली होती, संध्याकाळची वेळ चुकायला नको म्हणून.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि धुकं अजून उसाच्या शेंड्यांवरून उठलं नव्हतं. कालव्याच्या पुलापाशी एक ट्रॉली आडवी होऊन बसली होती. स्वरूपानं गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"मामा, एक सांगते. मारा मला, पर ऐका. ह्या आत्या न्हाईत."

तात्यांनी दुरडी घट्ट धरली.

"पिठातलं पाऊल मी काढलं हुतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बघितलं, तर पीठ कोरं. तुमी पाण्याशिवाय कायबी घेत नव्हता. मला वाटलं, कायतरी दिसलं तर चार घास खाल. गाईचं खूर काय मला जमंना. मग बोटं टेकवली चार आन् अंगठ्यानं तळवा दाबला. मांजराचं सोपं पडलं म्हणून मांजराचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आन् तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही आली. मी थाप मारली आन् थाप चालत घरात आली, मामा. तवापासनं माझी हिच्याकडं बघायची छाती हुत न्हाय. पर मांजर हाय हो ही, कुणाचं तरी सोडून दिल्यालं. तुमी हिला आत्या समजून काय करू नगा."

पुलाखालून पाणी वाहत होतं. तात्यांनी त्या पाण्याकडं बघितलं. यातच तर त्यांनी ते पीठ सोडलं होतं.

"आन् फरफट?" त्यांनी विचारलं.

"कसली फरफट?"

"पावलामागं रेघ हुती. उजवा पाय वढल्यावानी."

स्वरूपानं मागं वळून बघितलं. तिच्या अंगावर काटा आलेला तात्यांना दिसला. "मी रेघ न्हाय काढली," ती म्हणाली. "मामा, आईशपथ, मी रेघ न्हाय काढली."

दुरडीत आतून बांबूवर नखं घासली, एकदाच, लांब. ट्रॉली हलली, रस्ता मोकळा झाला. स्वरूपानं जळोची येईपर्यंत गाडी कुठं थांबवली नाही.

दवाखान्यात स्वरूपा अविराजला फोन लावायला बाहेर थांबली. तात्या दुरडी घेऊन आत गेले. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"नाव?" तात्या गडबडले. "नाव घेत न्हाय मी तिचं."

"काका, नावाशिवाय केसपेपर निघत नाही."

तात्यांनी दुरडीकडं बघितलं. "द्वारका," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून मोठ्यानं आला, तोही परक्या पोरीपुढं. मुलीनं तो लिहून घेतला, वर बघितलंही नाही.

डॉक्टर प्रगती वयानं लहानच होती, स्वरूपाएवढी असेल. तिनं मांजराचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या आणि तिचा चेहरा बदलला. नळी लावून श्वास ऐकता ऐकता तिनं विचारलं, "काही औषध दिलंय का हिला? गोळी, पावडर, काहीही?"

"न्हाय," तात्या म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी औषध म्हणजे मेडिकलमधली गोळी, सुई, सलाईन. झाडपाला हा झाडपाला. पण 'न्हाय' म्हणाल्या म्हणाल्या त्यांना वाटलं, हा शब्द आपण इथंच, असाच, आधी एकदा बोललोय. आणि मग ती जागा आठवली. बारामतीचा दवाखाना. पलंगावर सुजलेल्या तोंडाची द्वारकाबाई. मोठा डॉक्टर विचारत होता, 'आजी काही गोळ्या, काढे, चूर्ण घेतात का?' तात्या म्हणाले होते, 'न्हाय.' तेव्हा बाईंनी उशीवरून मान उचलून, हात हलवून म्हटलं होतं, 'आवं.' आणि तात्या, डॉक्टरसमोर बायको मधे बोलते म्हणून ओशाळून, म्हणाले होते, 'गप पड आगं.'

ती गप पडली होती. मग पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही. चमचा पुढं आला की मान वळवायची, आणि घ्यायची.

टेबलावरच्या मांजरानं मान उचलली. तोंडातून फेसाची तार लोंबत होती. चिरांमधले दोन डोळे तात्यांवर थांबले.

"आवं," मांजर म्हणालं.

डॉक्टरनं चमकून वर बघितलं. तिनं काय ऐकलं, देव जाणे. तात्यांना घाईत पिशवीचा बंद सुटेना. त्यांनी पिशवी टेबलावर पालथीच केली. बरणी गडगडत मांजराच्या पंजापाशी जाऊन थांबली.

"हे," तात्या म्हणाले. "हे दिलंय मी. काल लई दिलं."

डॉक्टरनं बरणी उघडली, वास घेतला, बोटावर पूड घेऊन चोळून बघितली. "हे कुणाचं औषध आहे?"

"हिचंच," तात्या म्हणाले. आणि मग, "म्हंजे माज्या बायकोचं."

पुढचं सगळं घाईत झालं. स्वरूपाला चिठ्ठी देऊन पळवलं. उतारा म्हणून द्यायचं ते औषध माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, असं डॉक्टर म्हणाली. मांजराच्या तोंडाशी ऑक्सिजन लावला, पुढच्या पायाचे केस काढून सुई लावली. तात्यांना कुणी बाहेर जा म्हटलं नाही, म्हणून ते कोपऱ्यात उभे राहिले. दुपार कलली तेव्हा कुठं डॉक्टरनं हात पुसले.

"वेळेत सांगितलंत म्हणून काहीतरी करता आलं. आता वाट बघायची," ती म्हणाली. "पुडीत नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण अशा पुडीत दुखणं मारणाऱ्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, स्टिरॉइडही असतं. म्हणून तर चटकन गुण येतो. आणि अंगदुखीला आपण सहज घेतो ती साधी गोळी मांजराला विष आहे. अर्धीसुद्धा जीव घेते. त्यांच्या अंगाला ती पचवता येत नाही."

"आन् माणसाला?" तात्यांनी विचारलं.

"मी प्राण्यांची डॉक्टर आहे, काका."

"तरीबी सांगा. माणसानं रोज घेतली, वर्षानुवर्षं. तर?"

तिनं बरणीकडं बघितलं, मग तात्यांच्या चेहऱ्याकडं. "किडनीवर जाऊ शकतं."

"त्वांड सुजतंय?"

"सुजू शकतं," ती म्हणाली.

तात्या बाहेर येऊन पायरीवर बसले. स्वरूपा शेजारी येऊन बसली. ते रडले नाहीत, रडण्यापलीकडचं काहीतरी त्यांच्या छातीवर येऊन बसलं होतं. "माज्या हातानं," एवढंच ते म्हणाले. "मधात कालवून. माज्या हातानं." स्वरूपानं त्यांचा हात धरला, आणि सासऱ्याचा हात धरल्याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

मांजर वाचलं. हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या, सूज ओसरली. ते दवाखान्यात होतं तेवढ्या दिवसांत तात्या गावात ज्या ज्या घरी त्यांनी पुडीचे गोडवे गायले होते तिथं गेले. आबासाहेबांच्या उशाखालून पुडी काढून घेतली. "अरं, गुण येतोय की!" आबासाहेब कुरकुरले. "गुणच वाईट हाय तिचा," तात्या म्हणाले आणि त्यांना जीपमध्ये घालून रक्त तपासायला पाठवलं. इंदापूरच्या बाजारात त्या माणसाच्या जागी एक बाई बांगड्या घेऊन बसली होती. तो कुठं गेला, कुणाला माहीत नव्हतं. उरलेली पूड डॉक्टरनं तपासणीला पाठवली.

पुढं मांजराचं रक्त ठीक निघालं तेव्हा डॉक्टरनं एक लहान डबी दिली. "ही मांजरांसाठीच बनवलेली आहे. सांध्यांसाठी. आत काय आहे आणि किती द्यायचं, ते वर छापलंय. समुद्रातल्या शिंपल्यांचं सत्त्व आहे यात. गुण येईलच असं नाही, आला तर हळूहळू येईल. मोजून दिलं तर सहसा अपाय होत नाही. उलटी झाली किंवा खाणं सुटलं तर लगेच बंद करून मला फोन करा. आणि माणसाचं काही म्हणजे काही द्यायचं नाही."

पण मांजर तात्यांच्या हातून काहीच घेईना. औषध सोडा, साधं दूधही नाही. स्वरूपानं वाटी ठेवली की निमूट खायचं. तिच्या पायाशी बसायचं. ती आता घाबरत नव्हती. एकदा तर घाईत, "सरका आत्या, चटका बसंल," असं म्हणून गेली आणि स्वतःच जीभ चावली. तात्यांनी वाटी पुढं केली की मात्र मांजर उठे, वास घेई आणि मान डावीकडं वळवी. 'आवं' म्हणणंही त्यानं सोडलं होतं. तात्या रोज वाटी घेऊन बसायचे, रोज तसेच उठायचे. भाकरी त्यांनाही गोड लागेना. मेलेल्या माणसाची माफी मागायला जागा नसते, आणि तात्यांना मागायची होती.

एक दिवस दुपारचा भोंगा झाला. स्वरूपा परातीत पीठ चाळत होती, पीठ खाली फरशीवर सांडलं होतं. मांजर चुलीपाशी जाऊन बसलं होतं. तात्या वाटी घेऊन खाटेला टेकून खाली बसले आणि वाटी पुढं केली. मांजरानं मान वळवली.

आणि तात्यांना ऐकू आलं. कानानं नाही, आत कुठंतरी. आधी तुमी चाटा, मग मी.

एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं. एकदा जरी चाटलं असतं! त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. उभ्या जन्मात मासळीचा वाससुद्धा त्यांनी घरात येऊ दिला नव्हता, आणि डबीत होते शिंपले. तात्यांनी माळेवरचा हात काढला, डबीतली पूड तळहातावर घेतली आणि चाटली. कधी न बघितलेल्या समुद्राची खारट, ओशट चव जिभेवर आली. त्यांनी ती गिळली.

"चाटलं मी," ते मांजराला म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "आधी मी चाटलं. लई उशीर झाला, आगं."

मांजर उठलं. चुलीपासून खाटेपर्यंतचं अंतर त्यानं सावकाश, मागचा पाय ओढत कापलं. तात्यांच्या तळहातावर नाक टेकवलं, वास घेतला. मग खरखरीत जिभेनं तो हात पुसून काढावा तसा चाटला, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

"आवं," ते म्हणालं.

स्वरूपा चाळण हातात धरून खाली बघत होती. सांडलेल्या पिठातून पावलं गेली होती, एक तळवा आणि वर चार बोटं, आणि त्यांच्यामागं एक बारीक रेघ. तिनं त्या दिवशी पीठ पुसलं नाही.